तपासणाऱ्याची सही

जोगेश्वरी पूर्वेच्या सहकार चाळीत प्रौढ साक्षरतेचा वर्ग २ जानेवारी १९८४ रोजी सुरू झाला. वेळ दुपारी चार ते साडेपाच, जागा गणेशोत्सव मंडळाची खोली, फी नाही. अंधेरीच्या ज्या संस्थेने वर्ग काढला तिने तीस पाट्या, तीस वाचनपुस्तकं आणि तीस वह्या दिल्या होत्या, म्हणून जागाही तीसच. नियम एकच होता. जिला अजिबात लिहितावाचता येत नाही, तिलाच प्रवेश.

पहिल्या दिवशी बेचाळीस बायका आल्या. तिसांची नावं रजिस्टरात गेली आणि बारा जणींची प्रतीक्षायादी झाली. यादीत पहिलं नाव द्रौपदी धोंडिराम ओव्हाळ यांचं होतं. बाकीच्या अकरा जणी घरी गेल्या. द्रौपदी गेली नाही. रोज चार वाजता ती खोलीच्या पायरीवर येऊन बसायची. शर्टांचे सुटे धागे कापायचं काम ती कारखान्यातून घरी आणत असे, ते गाठोडं मांडीवर असायचं. हात धाग्यांवर, कान आत.

"बाई, मी हितं बसलेय हां," ती रोज सांगायची. "कुणी गावाला गेली, कुणाला कंटाळा आला, तर मला हाक मारा."

कुणाला कंटाळा येत नव्हता. मंडळाच्या खोलीत गेल्या गणपतीतला प्लायवूडचा कैलास तसाच उभा होता. त्याच्या पायथ्याशी तीस बायका मांडी घालून बसत आणि दीड तास त्यांना कुणी चहा मागत नसे.

शिकवणाऱ्या नलिनी पाटकर एकोणतीस वर्षांच्या होत्या. सकाळी सात ते तीन त्या अंधेरीच्या एका औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात काम करत आणि चारला, कपाळावरची टोपीची खूण तशीच घेऊन, चाळीत पोचत. कारखान्यात गोळ्यांच्या प्रत्येक खोक्यावर एक चिठ्ठी असे आणि चिठ्ठीवर दोन सह्या असत, एक करणाऱ्याची, दुसरी तपासणाऱ्याची. दुसऱ्या सहीशिवाय खोका दाराबाहेर जात नसे. नलिनीबाईंनी हीच पद्धत वर्गाला लावली. घरी लिहिलेल्या प्रत्येक पानाखाली उजवीकडे घरातल्या वाचता येणाऱ्या माणसाची सही हवी. बहुतेक वह्यांवर चौथी-पाचवीतल्या मुलांच्या सह्या येत. सतरा नंबरच्या वहीवर मात्र रोज एका प्रौढ पुरुषाची लफ्फेदार सही असे. खाली दोन रेघा, त्यांच्यावर दोन टिंबं.

सतरा नंबर म्हणजे रुक्मिणी जयवंत घाडी. वय सव्वीस, एक चार वर्षांची मुलगी, नवरा पूर्वी परळच्या मिलमध्ये आणि संपानंतर खोकी बनवण्याच्या कारखान्यात. वर्गात रुक्मिणी मधल्या दर्जाची विद्यार्थिनी होती. फार हुशार नाही, फार मठ्ठ नाही. दहा शब्दांत तीन चुका. आठवड्यामागून आठवडे, दहात तीन.

खरी गोष्ट अशी की रुक्मिणी सातवी पास होती.

ही गोष्ट लपवली होती तिच्या बापाने. १९७८ साली कणकवलीजवळच्या त्यांच्या गावात तिला बघायला पाहुणे आले, तेव्हा जयवंताच्या आईने, रत्नप्रभा घाडीने, बसल्याबसल्या एक अट घातली. तिच्या चुलत जावेने सातवी झालेली सून आणली होती. त्या सुनेने माहेरी पत्रं लिहून लिहून दोन वर्षांत घर वेगळं केलं होतं. म्हणून मुलगी शिकलेली नको. "आमचो जयवंत तिसरी शिकलेलो आसा. बायल त्याच्या वर नको," असं तिने स्वच्छ सांगितलं. रुक्मिणीचा बाप एक क्षणही थांबला नाही. "हिला शाळेचा रस्तासुद्धा माहीत नाही," तो म्हणाला. पाहुण्यांत शाळेचे हेडमास्तर बसले होते. ते आढ्याकडे बघू लागले.

लग्न झालं. रुक्मिणी मुंबईला आली आणि निरक्षर झाली.

पहिलं वर्ष बरं गेलं. दुकानाच्या पाट्या न वाचल्यासारखं करायला शिकता येतं. भेळेच्या कागदावरची बातमी कागद चोळामोळा करताकरता वाचता येते. त्रास झाला तो पत्रांचा.

माहेरचं पत्र दर दोन महिन्यांनी यायचं, निळं आंतर्देशीय, भाऊ अनंतच्या हातचं, जयवंताच्या नावाने. जयवंत पाळीवरून आला की हातपाय धुऊन खाटेवर बसायचा, पत्र फोडायचा आणि आई आणि बायको यांना वाचून दाखवायचा. "सगळे खुशाल आहेत. पाऊसपाणी ठीक. आंबा यंदा बरा. काळजी नसावी." मग पत्र घडी घालून ट्रंकेमागे. दुसऱ्या दिवशी सासू भाजीला गेली की रुक्मिणी ते काढून वाचायची.

पत्रात वेगळंच असायचं. एकदा वाऱ्याने सगळा मोहोर गेला होता, तेव्हाही जयवंताने आंबा बरा असल्याचं वाचलं. एकदा गाय मेली होती. आणि गेल्या वर्षापासून पत्रात आईच्या डोळ्यांचा मजकूर यायला लागला. दिसणं कमी झालंय, रुक्मिणीची आठवण काढते, तिला पंधरा दिवस पाठवा. एक पत्र, दोन, तीन. जयवंताने तिन्ही वेळा आंबा वाचला.

घाडींच्या घरात सून माहेरी जाते ती माहेरचं बोलावणं आलं तरच. सासूचा हा कायदा पक्का होता. "बोलावणा इला तर जा, मी काय धरून ठेवलंय?" ती म्हणायची. बोलावणं ट्रंकेमागे पडलेलं होतं.

"अजून काही लिहिलंय का हो?" रुक्मिणी प्रत्येक वेळी विचारायची.

"नाय. एवढंच," जयवंत म्हणायचा.

"उत्तर टाकलंत?"

"टाकलं."

एकदा तिने स्वतः चोरून पत्र टाकलं होतं. अनंताने उत्तरात पहिल्याच ओळीत लिहिलं, 'चि. रुक्मिणीचं पत्र पोचलं.' नशिबाने त्या दिवशी पोस्टमन तिच्याच हातात पत्र देऊन गेला. ते तिने चुलीत घातलं आणि पुन्हा तो उद्योग केला नाही.

नवरा दुष्ट आहे असं तिला वाटत नव्हतं. तो मारत नसे, पीत नसे, मुलीला खांद्यावर घेऊन टेकडीवरची गुंफा दाखवायला न्यायचा. पण आतल्या गाठीचा आहे, हे तिने नक्की केलं होतं. समोर हसतो आणि पत्रातली ओळ गिळतो. सहा वर्षं तिच्या मनात गिळलेल्या ओळींची एक यादी वाढत होती.

तेव्हा चाळीत वर्गाची पाटी लागली आणि रुक्मिणीने हिशेब मांडला. चार-सहा महिने वर्गात बसायचं, हळूहळू शिकल्यासारखं करायचं, संस्थेचा दाखला घ्यायचा आणि एके दिवशी राजरोस पत्र हातात घेऊन म्हणायचं, आण इकडे, मी वाचते. सासू कुरकुरली. "शिकान मामलेदार होतलंस?" पण शेजारच्या तीन सुना जात होत्या आणि पाटी फुकट मिळत होती. जयवंत म्हणाला, "जाऊ दे गं आये. तेवढाच तिचा टाइमपास."

नऊ आठवडे सगळं सुरळीत चाललं. दहाव्या आठवड्यात द्रौपदी आड आली.

मार्चात पाण्याची टंचाई होती. टँकर रोज सहाला यायचा, पण कधी वेळ बदलली तर मंडळाचा कार्यकर्ता खोलीच्या बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहून जायचा. तीस बायका त्या फळ्यासमोरून आत जात. बुधवारी, सात मार्चला, पावणेपाचला रुक्मिणी पोट धरून उठली. "बाई, कळ येतेय, जाऊ?" ती गेली. पाच वाजता टँकर आला, तेव्हा रुक्मिणीचे दोन हंडे रांगेत पहिले होते.

द्रौपदीने गाठोडं खाली ठेवलं आणि ती थेट वर्गात आली.

"बाई, ही तिसरी वेळ. टँकर लवकर असला की हिच्या पोटात कळ येती. एरवी न्हाई."

बायका हसल्या. नलिनीबाई हसल्या नाहीत. त्यांनी बाहेर जाऊन फळा बघितला. 'आज टँकर ५ वाजता.' मग त्यांनी सतरा नंबरची वही काढली आणि पहिल्या पानापासून चुका मोजल्या. दहात तीन, दहात तीन, दहात तीन. कारखान्यात एखाद्या मशीनचे आकडे इतके सारखे आले, तर त्या मशीन बंद करायला लावत.

साडेपाचला रुक्मिणी वही न्यायला परत आली. खोलीत नलिनीबाई आणि द्रौपदी दोघीच होत्या.

"कितवीपर्यंत शिकलात?" नलिनीबाईंनी विचारलं.

रुक्मिणीने कैलासाकडे बघितलं, दाराकडे बघितलं. "सातवी."

"पास?"

"पहिला वर्ग."

"अगं बया!" द्रौपदी म्हणाली. "अन् इतके दिवस माझ्या डोळ्यांदेखत 'क'ला टेकू देऊन बसलीस!"

रुक्मिणीने सगळं सांगितलं. बापाची थाप, सासूची अट, पत्रं, आंबा, आईचे डोळे. द्रौपदीने कात्री बंद केली.

"तुमची अडचण खरी आहे," नलिनीबाई म्हणाल्या. "पण ही जागा ज्यांना येत नाही त्यांची आहे. द्रौपदीबाई नऊ आठवडे पायरीवर बसल्यात."

"मला दहाव्या आठवड्यात बी बसायला लाज न्हाई," द्रौपदी म्हणाली. "पण आखाडीच्या पुनवंपासून आमच्या विहारात तीन महिने ग्रंथ वाचत्यात. रोज एका घराची पाळी. आमची पाळी आली की मी शेजारच्या पोराला धाडते. सात वर्षं झाली. यंदा माझी पाळी मला वाचायचीय, एवढंच. हिला येतंय ना? मग हिनं जागा का अडवायची?"

"मला येतंय हेच मला कुणाला सांगता येत नाही ना बाई!"

"त्यो तुझ्या बाचा घोळ. माझ्या पाटीवर कशाला?"

नलिनीबाईंनी रजिस्टर मिटलं. "सोमवारी मी नाव कमी करणार. संस्थेचा नियम आहे, कमी केलेली नावं कारणासह बाहेर फळ्यावर लावायची."

"कारण काय लिहिणार?"

"जे आहे ते. आधीच साक्षर."

रुक्मिणीला तो फळा दिसला. त्याच्यासमोर उभी राहून शेजारणीच्या मुलाकडून वाचून घेणारी सासू दिसली. सहा वर्षांची थाप एका ओळीत उघडी पडणार होती, आणि त्यानंतर या घरात तिच्या हातात कधीच कुणी पत्र देणार नव्हतं. आईचे डोळे वाट बघून मिटले तरी.

ती वही घेऊन निघाली, तेवढ्यात नलिनीबाईंनी हाक मारली. त्या चिडलेल्या होत्या, पण आता दुसऱ्याच कारणाने.

"आणि तुमच्या मिस्टरांना सांगा, तपासायचं म्हणजे तपासायचं. परवा तुम्ही वार लिहिलेत, मंगळवारच्या पुढे शुक्रवार. खाली सही आहे. त्याआधी वर्षाचे महिने लिहिलेत नऊ. सही आहे. माणूस बघतो तरी का?"

रुक्मिणीने वही चाळली. मुद्दाम केलेल्या चुका तिला पाठ होत्या. त्यांच्या खालच्या सहीकडे तिने आजवर लक्ष दिलं नव्हतं. जयवंत वही घाईने बघत नसे. तो ती गुडघ्यावर ठेवायचा, ओळीवरून बोट फिरवायचा, मान हलवायचा, मग सही करायचा.

गुरुवारी तिने लिहिलं, 'रविवारी सूर्य दोनदा उगवतो. जोगेश्वरीला समुद्र नाही म्हणून मासे झाडावर लागतात.'

जयवंताने बोट फिरवलं. "हं. अक्षर सुधारतंय तुझं." सही.

शुक्रवारी तिने लिहिलं, 'आमच्या घरात एक माणूस घोरतो. त्याच्या आईला ऐकू येत नाही, शेजाऱ्यांना येतं.'

"हे जरा कठीण दिलंय बाईंनी," जयवंत म्हणाला. बोट मध्येच थांबलं, मग पुढे गेलं. सही.

अजूनही तिला शंका होती. कदाचित मुद्दाम सोडत असेल. आतल्या गाठीचा माणूस, त्याचं काय सांगावं? शनिवारी तिने चहात साखरेऐवजी दोन चमचे मीठ घातलं. कप त्याच्या उजव्या हाताशी ठेवला आणि वही डाव्या. वहीत एकच ओळ होती, मोठ्या, गोल, पहिलीच्या मुलालाही वाचता येईल अशा अक्षरात. 'या चहात मीठ आहे. पिऊ नका.'

जयवंताने वही घेतली. ओळीवरून बोट नेलं, मान हलवली. "झकास," तो म्हणाला, दोन रेघा मारल्या, दोन टिंबं दिली आणि कप उचलून मोठा घोट घेतला.

पुढचं मोरीत घडलं.

"अगं, मीठ! मीठ घातलंस!"

"काय झाला रे?" सासूने विचारलं.

"चुकून झालं आये," रुक्मिणी म्हणाली. "डबे शेजारीशेजारी."

"ह्येका शाळा, आणि डबो ओळखूक येणा नाय," सासू म्हणाली.

जयवंत पदराने तोंड पुसत होता, तिच्याच. डोळ्यांत पाणी आलं होतं त्याच्या. रुक्मिणी त्याच्याकडे बघत राहिली. ओळी गिळणारा, आतल्या गाठीचा, सहा वर्षं तिला माहेरापासून तोडणारा माणूस तिच्यासमोर नव्हताच. एक माणूस होता, ज्याला निळ्या कागदावर काहीही दिसत नव्हतं आणि जो दर दोन महिन्यांनी दोन बायकांसमोर बसून, त्यातल्या त्यात चांगली बातमी म्हणून, आंबा पिकवत होता. म्हणजे 'जयवंत तिसरी शिकलेलो' हीसुद्धा थापच होती. तिच्या बापाने मुलगी खाली ओढली होती आणि त्याच्या आईने मुलगा वर ढकलला होता.

तिला हसू येत होतं आणि सहा वर्षांच्या रागाचं काय करायचं ते कळत नव्हतं. राग तयार होता, पण आता तो कुणावर काढायचा?

सोमवारी ती साडेतीनलाच खोलीवर गेली. द्रौपदी पायरीवर होतीच. नलिनीबाई आल्यावर तिने शनिवारचं पान उघडून पुढे धरलं. नलिनीबाईंनी ओळ वाचली, सही बघितली.

"प्यायले?"

"अर्धा कप."

नलिनीबाईंनी चष्मा काढला आणि तोंडावर रुमाल धरला. बराच वेळ तो तिथेच होता. द्रौपदीला ओळ वाचून दाखवावी लागली. ती मात्र उघडपणे, कैलासाला धरून हसली.

"म्हणजे खरं तर त्यांना पाटी द्यायला हवी," नलिनीबाई सावरून म्हणाल्या.

"देऊ नका. मिलमध्ये बारा वर्षं सही करून काढली त्यांनी. पायरी चढायचे नाहीत, जीव देतील. त्यांचं मी बघेन. पण त्यासाठी मला घरात उघड वाचता आलं पाहिजे. तुम्ही फळ्यावर 'आधीच' लिहिलंत की माझी वाट लागली."

"मी खोटं लिहिणार नाही."

"खोटं कशाला?" द्रौपदी म्हणाली. "परीक्षा घ्या की तिची. पास झाली म्हंजे जागा सोडायचीच असती ना?"

नलिनीबाईंनी पिशवीतून संस्थेची नियमांची पुस्तिका काढली. 'आठ आठवड्यांनंतर शिक्षिकेच्या मते तयारी झालेल्या कोणत्याही विद्यार्थिनीची अंतिम परीक्षा घेता येईल. उत्तीर्ण विद्यार्थिनीचे नाव पटावरून कमी करून दाखला द्यावा.' त्यांनी ते दोनदा वाचलं. तयारी झालेली होती, याबद्दल त्यांची खात्री होती.

"आजच घेते," त्या म्हणाल्या. "साडेचारला. घरच्या माणसाला बोलवा."

"आणि माझा मोबदला," द्रौपदी रुक्मिणीला म्हणाली. "दहा आठवडे बुडाल्यात माझे. रोज टँकरच्या रांगेत अर्धा तास मला शिकवायचं. आखाडीपातूर. न्हाईतर मी चाळभर सांगत सुटंन, सातवी, पहिला वर्ग."

"तुम्ही सांगणार?"

"न्हाई सांगणार," द्रौपदी म्हणाली. "पण शिकवायचं."

रत्नप्रभा घाडी नातीला कडेवर घेऊन परीक्षेला आली आणि सगळ्यांच्या पुढे बसली. रुक्मिणीने आधी फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं, मग गावाचं. नंतर नलिनीबाईंनी वाचनपुस्तकातला धडा काढून दिला. 'नळाचे पाणी उकळून प्यावे.' हे वाक्य ऐकताच मागून कुणीतरी म्हणालं, "आधी नळ तर दाखवा!" आणि सगळी खोली हसली. रुक्मिणी बोट ठेवून, एकेका शब्दाला थांबत वाचत गेली. तीन चुका करायच्या, असं तिने ठरवलं होतं. पहिली केली. दुसरीच्या वेळी समोर सासूचं उघडं तोंड दिसलं आणि तिला राहवलं नाही. उरलेलं पान तिने एका दमात, पूर्वी हेडमास्तरांसमोर वाचायची तसं खणखणीत वाचलं.

मागच्या बायका गुडघ्यांवर उठून बघू लागल्या.

"दोन म्हयन्यात?" सासू नलिनीबाईंना म्हणाली. "आमचो जयवंत तिसरी शिकलो, तो सुद्धा असो वाचना नाय!"

"मेहनती आहेत," नलिनीबाई म्हणाल्या आणि दाखला लिहायला खाली वाकल्या.

फळ्यावर लागलं, 'क्र. १७. अंतिम परीक्षा उत्तीर्ण.' सतरा नंबरची पाटी द्रौपदीच्या मांडीवर गेली. सासूने दोन दिवसांत ही बातमी शेजारच्या चार चाळींत पोचवली. बाईचा हात असा, की दोन महिन्यांत पुस्तक घडाघडा. प्रतीक्षायादी अकरावरून अडतीसवर गेली आणि नलिनीबाईंना संस्थेकडे आणखी पाट्या मागाव्या लागल्या.

गुरुवारी पत्र आलं.

जयवंत पहिल्या पाळीवरून परतला होता. सवयीने त्याने हात धुतले, खाटेवर बसला, पत्र फोडलं आणि घसा साफ केला.

"थांब रे," आई म्हणाली. "आता ती पास झाली मां? तिका वाचूक दी. बघूया तरी."

"तिला हातचं अक्षर जमणार नाय आये. पुस्तक वेगळं, हे वेगळं."

"जमात तितक्या वाचूदे."

जयवंताने पत्र दिलं नाही, पण रुक्मिणीने घेतलं तेव्हा सोडलं. तो भिंतीकडे बघत बसला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

अनंताने लिहिलं होतं, 'सप्रेम नमस्कार. गेल्या तीन पत्रांतून विनंती केली, उत्तर नाही. आमच्याकडून काही चुकलं असेल तर क्षमा असावी. आईच्या डोळ्यांचं ऑपरेशन एप्रिलच्या सोळा तारखेला ठरलं आहे. पट्टी बांधण्याआधी रुक्मिणीला एकदा नीट बघावं अशी तिची इच्छा आहे. तरी पंधरा दिवसांसाठी तिला पाठवावं.'

रुक्मिणीने एकदा डोळ्यांनी वाचलं. मग बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने सुरुवात केली. "सप्रेम... नमस्कार. आईच्या डोळ्यांचं... ऑपरेशन... सोळा तारखेला ठरलं आहे." तीन पत्रांची ओळ तिने बोटाखाली घेतली आणि पुढे सरकली. जयवंत वळून तिच्याकडे बघू लागला. "रुक्मिणीला एकदा... नीट बघावं... अशी तिची इच्छा आहे. तरी... एक महिन्यासाठी... तिला पाठवावं."

"म्हयनो?" सासू म्हणाली. "आख्खो म्हयनो? नीट बघ गो. पंधरा दिवस असतीत."

"महिना लिहिलंय, आये."

"ही अजून शिकाऊ आसा. जयवंता, तू बघ रे."

जयवंताने पत्र घेतलं. खिडकीपाशी नेलं. वरून खाली, खालून वर बघितलं. रुक्मिणी मुलीची वेणी सोडून पुन्हा घालायला लागली.

"महिनाच आहे," तो शेवटी म्हणाला. "अनंताचं अक्षर जरा किचकट आहे, म्हणून पटकन लागत नाही. पण महिनाच."

"मगे काय करतलंव," सासू उठली. "बोलावणा इला म्हणजे जावकच होया. डोळ्यांचा काम. मी हंडो लावन येतंय." नातीला घेऊन ती बाहेर पडली आणि गॅलरीतूनच शेजारणीला सांगू लागली, की सुनेने स्वतः पत्र वाचलं, एकही चूक नाही, मुलाकडून तपासून घेतलं.

तिचा आवाज जिन्याखाली जाईपर्यंत जयवंत पत्र धरून उभा होता.

"काय गं," तो हळू म्हणाला. "खरंच महिना लिहिलाय?"

रुक्मिणीने खाटेवरची जागा हाताने झाडली. "बसा. वाचून बघा."

"आता?"

"आई रांगेत आहेत. अर्धा तास तरी लागेल."

तो बसला. तिने त्याच्या हातातलं पत्र त्याच्या गुडघ्यावर पसरलं आणि त्याचं बोट धरून पहिल्या ओळीच्या सुरुवातीला नेऊन ठेवलं. जयवंताने दाराकडे बघितलं, मग कागदाकडे. बराच वेळ बोट तिथून हललं नाही. घामाने कागदावर ठिपका पडला.

"हा 'स' आहे," तो म्हणाला. "सावंत मुकादमाच्या सहीत असायचा."

"असेल. पुढचा?"

"तो नव्हता त्याच्या सहीत."

"म्हणूनच विचारतेय," रुक्मिणी म्हणाली आणि त्याच्या शेजारी सरकून बसली.